मागच्या सीटचे पट्टे

हे खरं घडलंय. माझ्या डोळ्यांसमोर घडलंय.

तुम्ही विश्वास ठेवावा म्हणून लिहीत नाहीये. ठेवा, नाहीतर सोडून द्या. आजवर तिघांनी मला बजावलं, की हे कुठे बोलू नकोस. त्यातला एक माझा सख्खा भाऊ. "लोक वेड्यात काढतील तुला," म्हणाला.

काढू देत.

पन्नाशी उलटली माझी. आता कुणी वेडी म्हटलं म्हणून माझं काही बिघडत नाही, आणि शहाणी म्हटलं म्हणून गुडघे दुखायचे थांबत नाहीत.

तुम्ही ऐकता त्या भुताटकीच्या बहुतेक गोष्टी मध्यरात्री सुरू होतात. माझी सुरू झाली भर दुपारी. शनिवार होता. तीन वाजून दहा मिनिटं. वेळ पक्की आठवते, कारण ऊन कोणत्या खिडकीतून किती वाजता येतं यावरच माझं काम चालायचं.

जागा म्हणजे आमच्या गावाबाहेरचं छोटं विमानतळ. दिवसाला दोन विमानं यायची, दोन जायची. धावपट्टीच्या पार टोकाला विमानं ठेवायचं पत्र्याचं एक जुनं हँगर होतं. तिकडे कुणी फिरकत नसे.

माझा तेव्हा फोटो स्टुडिओ होता. पासपोर्टचे फोटो, शाळेचे ग्रुप फोटो, असलं काम. रोलचा जमाना. फोटो काढला की तो कसा आलाय हे रोल धुतल्याशिवाय कळायचं नाही.

तिथल्या फ्लाइंग क्लबला पन्नास वर्षं पूर्ण होत होती. हँगरमध्ये तीन जुनी विमानं होती, ती कार्यक्रमाच्या दिवशी लोकांना दाखवायची आणि त्यांचे फोटो स्मरणिकेत छापायचे, असं ठरलं. काम मला मिळालं, कारण माझे बाबा.

बाबा याच विमानतळावर मेकॅनिक होते. सगळे त्यांना मिस्त्री म्हणायचे. रिटायर होऊन दोन वर्षं झाली होती, पण त्या तीन विमानांची नाडी दुसऱ्या कुणालाच कळत नव्हती. म्हणून आवरणं काढायला, पुसायला ते माझ्याबरोबर आले.

पहिलं विमान लाल. दुसरं पोट सुटलेलं, गोल तोंडाचं. बाबांनी दोघांना असं पुसलं, जसा बऱ्याच दिवसांनी माहेरी आलेल्या मुलींच्या डोक्यावरून हात फिरवावा.

तिसरं चंदेरी. एकावर एक दोन पंख, आणि उघड्या दोन सीट, एकीमागे एक. त्याच्याकडे बाबांनी पाठच केली.

"त्याचा नको काढूस," ते म्हणाले.

"का? तेच तर सगळ्यात देखणं आहे."

"नको म्हटलं ना."

आणि ते बाहेर वॉचमनजवळ चहा प्यायला निघून गेले.

आता माझी एक खोड आहे. नको म्हटलं, की मला तेच करावंसं वाटतं. आई म्हणायची, ही बापाकडून आलीये. मला ते पटायचं नाही. बाबा कुणाशी वर तोंड करून बोललेले मी कधी बघितले नव्हते.

मी विमानाचं आवरण काढलं. खालच्या पंखावर चढले. लहानपणी बाबांनी शिकवलं होतं, काळी पट्टी असते तिच्यावरच पाय ठेवायचा, बाजूला पडला तर पंखाचं कापड फाटतं.

मागच्या सीटमध्ये वाकून पाहिलं. धूळ. एक मेलेला कोळी. सीटला चार जाड पट्टे होते, दोन खांद्यांवरून यायचे, दोन कमरेवरून. चारही पट्ट्यांना छिद्रांची रांग. माणसाच्या अंगाप्रमाणे एकेक छिद्र निवडायचं, जाड माणसाला पुढचं, मधोमध एका खिळीत चारही अडकवायचे आणि वरून चाप लावायचा.

त्या वेळी चारही पट्टे उघडे होते. दोन इकडे, दोन तिकडे, सीटच्या कडेवरून बाहेर लोंबत होते. मी स्वतः पाहिलं.

ऊन बरोबर त्या सीटवर येत होतं. चार फोटो घेतले. खाली उतरले. कॅमेरा पिशवीत ठेवला.

आणि पाठीमागून...

खट्.

चाप लागल्यासारखा आवाज. मी वळले. कुणीच नव्हतं. पत्रा उन्हाने तडतडला असेल, असं म्हणून मी निघाले.

त्याच संध्याकाळी रोल धुतला. लाल दिव्याखाली ट्रेमधल्या रसायनात फोटोचा कागद हलवत होते. लाल विमान छान आलं. पोटफुगं छान आलं. मग मागच्या सीटचा फोटो टाकला.

आधी कडा उमटल्या. मग सीट. मग पट्टे...

पट्टे बंद होते.

चारही. मधोमध खीळ, वर चाप. नुसते बंद नव्हते. ताणलेले होते. सीटवर सपाट पडलेले नव्हते, तर पुढे गोल आलेले. छातीवरून येतात तसे.

मधे छाती नव्हती. पट्ट्यांच्या आतून मागची सीट दिसत होती. त्यावरची धूळसुद्धा.

मी दुसरा फोटो टाकला. तिसरा. चौथा. चारही तसेच. चूक माझी असेल म्हणून निगेटिव्ह भिंगाखाली धरली. चूक नव्हती.

ओला फोटो तसाच चिमट्याने धरून मी घरी नेला.

बाबा जेवत होते. मी फोटो पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा केला. त्यांचा हात ताटातच थांबला.

"काढलास शेवटी."

"बाबा, पट्टे उघडे होते. मी बघितलं होतं."

"माहीत आहे."

"मग हे काय?"

 आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. तिने फोटो बघितला नाही. बाबांकडे बघितलं आणि म्हणाली, "सांगून टाका आता. तीस वर्षं झाली."

मग बाबांनी सांगितलं.

तीस वर्षांपूर्वी ते चंदेरी विमान शिकाऊ पायलटांसाठी होतं. पुढे शिकवणारा, मागे शिकणारा. त्या दिवशी मागे एक बावीस वर्षांचा मुलगा बसला होता. इतका बारीक, की बाबा त्याला काडीपैलवान म्हणायचे. विधवेचा एकुलता एक. पट्टे बाबांनी बांधले. इंजिन सुरू झाल्यावर बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून त्या दोघांची एक खूण ठरलेली होती. मुलाने सीटच्या लाकडी कडेवर दोनदा ठोकायचं. म्हणजे सगळं ठीक. बाबांनी अंगठा दाखवायचा.

त्याने ठोकलं. बाबांनी अंगठा दाखवला. विमान उडालं.

पाऊण तासाने उतरलं.

"मी शिडी घेऊन गेलो," बाबा म्हणाले. "मागच्या सीटवर कुणी नव्हतं."

"पडला?"

"पट्टे बंद होते, पोरी. मी लावले तसे. चाप जागच्या जागी. त्यातून मांजर निघालं नसतं."

आठ दिवस शोध चालला. शेतं, नाले, झाडं... बूटसुद्धा सापडला नाही.

मग चौकशी बसली. बंद पट्ट्यांतून माणूस नाहीसा झाला, असं कोण लिहून देणार? शिकवणारा पायलट म्हणाला, उतरलो तेव्हा पट्टे उघडेच होते. म्हणजे मिस्त्रीने नीट बांधले नसतील. बाबांपुढे कागद ठेवला. सही कर, समज देऊन सोडतो.

बाबांनी सही केली नाही.

"नोकरी जाईल, म्हणाले. म्हटलं, जाऊ दे. मी बांधले होते."

नोकरी गेली नाही, पण तिथून पुढे बाबांना बढती मिळाली नाही. ज्या पोरांना त्यांनी पाना धरायला शिकवलं, ती त्यांची साहेब झाली. मी हे सगळं लहानपणापासून बघत होते आणि मला वाटायचं, बाबांना जमत नाही. बाबा गरीब गाय आहेत.

"त्याची आई आली होती आपल्या घरी," आई दारातून म्हणाली. "तू पाळण्यात नव्हतीस अजून. दारातच उभी राहिली. आत ये म्हटलं, आली नाही. यांना एवढंच विचारलं, बांधले होते ना? हे म्हणाले, हो. तर म्हणाली, मग कुठे गेला?"

बाबांनी ताट सरकवलं. तसेच उठले.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाबा हत्यारांची पिशवी घेऊन तयार होते. हत्यारांचं काही काम नव्हतं, पण रिकाम्या हाताने त्यांना विमानाजवळ जाता येत नसावं.

"चल," म्हणाले. "माझ्यासमोर काढ."

हँगरमध्ये आम्ही दोघंच. वाराही नव्हता. बाबा दुखरा गुडघा धरत पंखावर चढले. मी दुसऱ्या बाजूने चढले.

पट्टे बाहेर लोंबत होते. उघडे. दोघांनी पाहिले. बाबांनी एकेक हातात घेऊन पाहिला आणि सोडून दिला.

मग ते त्या रिकाम्या सीटकडे बघून, अगदी साध्या आवाजात म्हणाले, "काय रे, काडीपैलवान."

काही झालं नाही.

दूर कुठेतरी कुत्रं भुंकत होतं. ते थांबलं.

आणि मग...

ठक. ठक.

सीटच्या लाकडी कडेवर. माझ्या हातापासून वीतभर अंतरावर. कंप माझ्या बोटांना जाणवला.

बाबांचा अंगठा आपोआप वर गेला. तीस वर्षांनी. त्यांना कळलंही नसेल.

"काढ," ते पुटपुटले. "फोटो काढ."

मी कॅमेऱ्याला डोळा लावला. आता, त्या कॅमेऱ्याचं असं असतं की बटण दाबताना क्षणभर आत काळोख होतो. डोळा मिटल्यासारखा. मग पुन्हा दिसायला लागतं.

पहिलं बटण दाबलं. काळोख. काळोख गेला... डाव्या खांद्याचा पट्टा आत होता.

दुसरं. काळोख... उजवा आत.

मी थांबले नाही. तिसरं. चौथं. दर काळोखाला एक पट्टा. शेवटी चारही पट्टे मधोमध येऊन थांबले.

खट्.

"दिसतंय?" बाबांनी विचारलं.

"बंद झालेत."

बाबांनी हात पुढे केला. कॅमेऱ्यातून मला दिसत होतं, त्यांनी पंजा बरोबर छातीवरच्या पट्ट्यावर ठेवला. पट्ट्याखाली बोटं घालून बघितली. गेली नाहीत. इतका घट्ट.

मग त्यांचा चेहरा बदलला.

"वर-खाली होतोय," ते म्हणाले.

"काय?"

"पट्टा. श्वास घेतोय तो."

मी कॅमेरा खाली केला. नुसत्या डोळ्यांनी पाहिलं.

पट्टे बाहेर लोंबत होते. उघडे. सीट रिकामी. आणि बाबांचा पंजा हवेत, कशावर तरी ठेवल्यासारखा... अगदी सावकाश वर येत होता, खाली जात होता.

मी झटकन हात मागे घेतला. बाबा मात्र घाबरले नव्हते. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"मी बांधले होते," ते म्हणाले. "बघितलंस ना? मी बांधले होते."

"बघितलं बाबा."

तेवढं ऐकायला ते तीस वर्षं थांबले होते. आणि ऐकवणारी मी, ज्या मुलीने त्यांना कायम गरीब गाय समजलं.

तिथेच मी ठरवलं, हा फोटो छापायचा.

क्लबच्या अध्यक्षांना सगळे कॅप्टन म्हणायचे. तीस वर्षांपूर्वी त्या दिवशी पुढच्या सीटवर तेच बसले होते, हे बाबांनी मला घरी आल्यावर सांगितलं. मी फोटो घेऊन त्यांच्या ऑफिसात गेले. त्रेसष्ट वर्षांचा ताठ माणूस. कपड्यांची इस्त्री मोडू नये म्हणून खुर्चीच्या टोकावर बसणारा.

त्यांनी फोटो पाहिला आणि उलटा करून टेबलावर ठेवला.

"स्मरणिकेत दोनच विमानं जातील."

"का सर?"

"निगेटिव्ह आणून द्या मला. सगळ्या."

"नाही देणार."

"हट्टीपणा करू नका. तुमच्या वडिलांनीही असाच हट्ट केला होता. काय मिळालं?"

"झोप मिळाली," मी म्हटलं. "बाबांना रात्री पडल्या पडल्या झोप लागते. तुम्हाला लागते का, सर?"

हे मला कुठून सुचलं कोण जाणे. पण त्यांचा चेहरा पडला. मी टेबलावरचा फोटो उचलला. दरवाजा ओढून बाहेर आले.

रात्रभर जागून मी तो फोटो दरवाजाएवढा मोठा केला. लाकडी चौकटीवर चिकटवला. खाली पांढऱ्या अक्षरांत तीनच शब्द लिहिले: पट्टे बंद होते.

कार्यक्रमाच्या दिवशी हँगर फुलून गेलं होतं. शाळेची पोरं, क्लबची जुनी मंडळी, फोटो काढून घेणारी जोडपी. मी चौकट आणली आणि चंदेरी विमानाच्या बाजूला उभी केली. कुणाला विचारलं नाही.

कॅप्टन गर्दीतून वाट काढत आले. "हे आत्ताच्या आत्ता काढा."

"हात लावून बघा," मी चौकटीपुढे उभी राहिले. "मग बघते."

लोक जमले. कुजबुज सुरू झाली. सेक्रेटरी धावत आले, वॉचमनला बोलावलं. वॉचमन बाबांबरोबर चहा पिऊन मोठा झालेला, तो जागचा हलला नाही.

तेवढ्यात दारात रिक्षा थांबली. बाबा उतरले. आणि त्यांनी हात देऊन एका म्हातारीला उतरवलं.

पंच्याहत्तरीची बाई. काठी. सुती साडी, पांढरे केस घट्ट बांधलेले. ती कोण, हे मला कुणी सांगायची गरज पडली नाही.

ती सावकाश चालत आली. बाबांकडे बघितलं नाही, माझ्याकडे बघितलं नाही. कॅप्टनपुढे उभी राहिली.

"मिस्त्रींना मी विचारलं होतं," ती म्हणाली. "तुम्हाला विचारायचं राहिलं. बांधले होते ना?"

कॅप्टनने चौकटीतल्या फोटोकडे पाहिलं.

"होते," ते म्हणाले.



"पुढच्या सीटपुढे एक छोटा आरसा असतो," कॅप्टन म्हणाले. आवाज त्यांचा वाटतच नव्हता. "मागचा दिसावा म्हणून. मी सारखा बघत होतो. तो होता. वर असताना होता, वळलो तेव्हा होता. चाकं जमिनीला लागली तेव्हाही होता, बाई. हसत होता. विमान थांबलं. मी इंजिन बंद केलं. मागून त्याने दोनदा ठोकलं. मी वळून म्हटलं, शाब्बास... आणि तिथे कुणी नव्हतं."

"मग तसं सांगितलं का नाहीत?" बाबांनी विचारलं. बाबांचा आवाज इतका वर चढलेला मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

"सांगितलं असतं तर मला पुन्हा विमानात बसू दिलं असतं का, मिस्त्री? मला दुसरं काही येत नव्हतं हो."

बाबा त्यांच्याकडे बघत राहिले. मला वाटलं आता शिवी देतील. दिली नाही. "मलाही दुसरं काही येत नव्हतं," एवढंच म्हणाले.

म्हातारीचं या दोघांकडे लक्षच नव्हतं. ती माझ्या चौकटीपुढे जाऊन उभी राहिली होती. काठी काखेत धरून तिने फोटोतल्या पट्ट्यांवरून बोट फिरवलं. खांद्यापासून छातीपर्यंत. मग कमरेवरून. कापड विकत घेताना बायका पोत बघतात ना, तसं.

बराच वेळ. मग ती हसली.

"अंग धरलंय त्याने," म्हणाली.



बाबा पुढे झाले. चष्मा लावून चौकटीला नाक टेकवलं. त्यांची बोटं काहीतरी मोजत होती. मग ते माझ्या कानाशी आले.

"मी तिसऱ्या छिद्रात लावले होते," ते कुजबुजले. "यात पाचव्यात आहेत."

त्या दिवशी त्या आई मागच्या सीटपाशी एकट्याच थांबल्या. आम्ही सगळे बाहेर गेलो. आत काय बोलल्या माहीत नाही. बाहेर आल्या तेव्हा डोळे कोरडे होते. बाबांना म्हणाल्या, "आता मला सोडा घरी. त्याला भूक लागली नाहीये, मी विचारलं."

पुढच्या वर्षी त्या गेल्या. झोपेतच.

कॅप्टनने जुन्या चौकशीवर लेखी अर्ज दिला. बाबांच्या नावापुढचा ठपका निघाला. त्याचा कागद घरी आला तेव्हा बाबांनी तो वाचला, घडी घातली आणि म्हणाले, "स्पेलिंग चुकलंय माझ्या नावाचं." पण तो कागद त्यांनी उशाशी ठेवला. नऊ वर्षांपूर्वी ते गेले, तोवर तिथेच होता.

मी मात्र दरवर्षी जाते. त्याच महिन्यात, त्याच वेळी, तोच कॅमेरा घेऊन. भाऊ म्हणतो, कशाला? मी म्हणते, आपला मुलगा घरापासून लांब असला तर वर्षातून एकदा फोटो मागवतोच ना आपण. त्याच्यासाठी मागवणारं आता कुणी उरलेलं नाही. म्हणून मी जाते.

घाबरते का? घाबरते. तरी जाते.

पट्टे सहाव्या छिद्रावर गेले. मग सातव्या. तो तिथे वाढतोय, वय होतंय त्याचं, असं मी स्वतःला समजावत होते. चार वर्षांपूर्वी आठव्यावर गेले.

आठवं शेवटचं. पुढे छिद्रं नाहीत.

गेल्या दोन फोटोंत पट्टे आठव्यावरच आहेत. पण कापड ताणून पांढरं पडलंय, आणि खांद्यापाशी शिवण... उसवायला लागलीये.

याचा अर्थ काय, मला विचारू नका. मला माहीत नाही.

आता विमानतळ मोठं होणार आहे. हँगर पाडणार. ते चंदेरी विमान दारात शोभेला ठेवायला कुठल्याशा हॉटेलला जाणार. मागची सीट काढून तिथे कुंडी ठेवायची, असंही ठरलंय म्हणे.

मी हरकत घेतली. लेखी. तीनदा. शेवटी गेल्या महिन्यात एक तरुण अधिकारी हँगरमध्ये आला, फाइल काखेत, बूट चकाचक. मी त्याला सगळं सांगितलं. फोटो दाखवले.

त्याने ऐकून घेतलं. मग हसून म्हणाला, "मॅडम, तुमच्या भावना समजतात. पण त्यात कुणी नाही."

"ठीक आहे," मी म्हटलं. "मग दोन मिनिटं बसून दाखवा. बसलात, तर मी अर्ज मागे घेते."

"एवढंच ना?"

सकाळचे अकरा वाजले होते. लख्ख उजेड. त्याने फाइल माझ्या हातात दिली. काळ्या पट्टीवर पाय ठेवून पंखावर चढला. दोन्ही हात कडेवर टेकवले, एक पाय उचलून सीटमध्ये टाकायला गेला...

आणि तसाच थांबला. पाय हवेत.

मग त्याने पाय अगदी सावकाश मागे घेतला. मान थोडी झुकवली. आणि चुकून दुसऱ्याच्या खोलीचं दार उघडलं, की आपण पटकन म्हणतो ना, तसं त्या सीटकडे बघून म्हणाला...

"सॉरी."

खाली उतरला. फाइल घेतली. चेहरा पांढरा नव्हता की घाम नव्हता. फक्त तो माझ्याकडे बघत नव्हता.

"कुणाला सॉरी म्हणालात?" मी विचारलं.

"मी?" तो म्हणाला. "मी कुठे काय म्हणालो?"